हिरव्या सुतळीचं पोतं

सुरतेत कॉफी भाजून पोट भरलं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ती घ्यायचं कोण?" प्रश्न रास्त आहे. आमच्या उधन्यात, सुरतेच्या त्या यंत्रमागांच्या वस्तीत, लूमच्या पाळ्या चहावर बदलायच्या, सौदे चहावर ठरायचे आणि भांडणंही चहावरच मिटायची. पण रेल्वेत, बँकांत, हजिऱ्याकडच्या कारखान्यांत दक्षिणेकडची माणसं पुष्कळ होती. नोकरीसाठी ती काहीही सोडून आली होती, पण कॉफी सोडून आली नव्हती. त्यांच्या जिवावर आमचं दुकान चालायचं. शेठ गुजराती, भट्टीवाला मी अमळनेरकडचा अहिराणी गडी, निवडणाऱ्या बायका वऱ्हाडातल्या आणि पिणारे मद्रासचे. मालक सोडला तर कुणीच आपल्या गावात नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर तुमचा अख्खा अंक मला एकट्यालाच द्यावा लागेल. रेल्वेतून निवृत्त झालेले एक तमिळ गार्डसाहेब होते. ते दाणे मुठीत घेऊन कानाशी हलवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मगच "हूं" म्हणायचे. बमरोलीचा एक लूमवाला रात्रपाळीच्या माणसांना झोप येऊ नये म्हणून कॉफी घेऊन गेला, आलं-मसाला घालून चहासारखी उकळली आणि दुसऱ्या दिवशी "माल खराब आहे" म्हणून भांडायला आला. मी त्याला फिल्टर कसा लावायचा ते दाखवलं. त्यानं ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्या वेळात तर माणूस जागाच होईल."

धंदा तसा सोपा आहे. कच्चा कॉफीचा दाणा हिरवट असतो आणि त्याला चव म्हणाल तर ओल्या वाटाण्याची. लोखंडी ढोल मंद जाळावर फिरवत तो भाजायचा. आधी पिवळा पडतो, मग त्याला पावासारखा वास येतो आणि मग तो तडतडतो. ते तडतडणं ऐकून भट्टीवाला पुढचं ठरवतो. पण भाजण्याच्या आधी निवडणं. एक कुजका दाणा ढोलात गेला तर सगळ्या घाण्याला त्याचा वास लागतो. म्हणून मागच्या गोदामात लांब टेबलांवर बायका दाणे पसरून बसायच्या. त्यांची म्होरकी सुंदराबाई. अकोल्याकडची. नवरा कडोदऱ्याला लूमवर. तिची बोटं चालायची तेव्हा बघणाऱ्याला वाटावं, दाणे आपणहून बाजूला सरतायत.

नव्वदच्या दशकात सरकारी बंधनं सैल झाली आणि मळेवाल्यांना कॉफी थेट विकता येऊ लागली. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं शेठनं दक्षिणेत कोडगूच्या डोंगरातल्या एका लहान मळेवाल्याशी संबंध जोडला. नाव माचय्या. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. त्याचा माल पहिल्यांदा ढोलात घातला तो दिवस मला आठवतो. नेहमीचा दाणा तडतडायचा त्या वेळी हा गप्पच. मी घाबरून जाळ तपासला. मग बऱ्याच वेळानं तडतडला आणि गोदामभर जो वास सुटला, त्यानं निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कॉफीला तोंड न लावणारी सुंदराबाई म्हणाली, "बाप्पा! हे काय होय जी, भाऊ?" मला तरी कुठं माहीत होतं? दुकानात आलेल्या गार्डसाहेबांनी मूठ कानाशी नेली, ऐकलं आणि म्हणाले, "सावलीतला आहे. घाई न करता पिकलाय."

पण माल घाणेरडा. यंत्रानं साफ केलेली पोती कशी, बटणं भरल्यासारखी येतात. माचय्याच्या पोत्यात पानं, काटक्या, बांडगुळाच्या बिया, कधी एखादं पीस. आणि पापुद्रे. पातळ, फिकट, कागदासारखे सालीचे पापुद्रे, दाण्यांना चिकटलेले. बायका त्याला नावं ठेवून थकल्या. त्यातही दर हंगामातलं शेवटचं पोतं म्हणजे शिक्षाच. माचय्याच्या घरी पद्धत अशी की वाळवणाचं खळं उचललं की शेवटी जे झाडून-लोटून निघेल ते एका वेगळ्या पोत्यात भरायचं आणि त्याचं तोंड हिरव्या सुतळीनं शिवायचं. फसवाफसवी नको म्हणून ही खूण. ते पोतं आम्ही चिकोरीची भाजकी मुळी मिसळलेल्या स्वस्त कॉफीला वापरायचो. हिरवी सुतळी दिसली की बायकांमध्ये कुणाचं ना कुणाचं डोकं दुखायला लागायचं.

त्याच पोत्यात ते निघालं.

आधी एक सांगायला हवं. चौऱ्याण्णवचा प्लेग सुरतेनं पाहिला होता. आम्हीही रातोरात गाव सोडून अमळनेरला पळालो होतो आणि दबकत परत आलो होतो. त्यानंतर शहर असं काही स्वच्छ झालं, की ओळखू येईना. रस्ते धुतले जायचे, दुकानांत तपासण्या व्हायच्या. लोकांच्या मनात मात्र उंदीर बसला तो बसलाच. कुठं खुट्ट झालं तरी माणसं पाय वर घेऊन बसायची.

अशा दिवसांत सुंदराबाईनं हिरव्या सुतळीच्या पोत्यातून एक गोळा काढला. वाळलेला, लांबट आणि कॉफीच्या दाण्यांनी गच्च भरलेला. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा. तिनं तो हातात फिरवला आणि एकदम टाकून दिला. "भाऊ! लेंडी हाय हे!"

बायका उठून बाहेर. शेठ, कांतिभाई त्याचं नाव, गल्ल्यावरून धावत आला. "उंदर छे?" एवढंच त्याला विचारता आलं. बातमी गल्लीत जायला वेळ लागला नाही आणि पालिकेचा तपासनीस आला तो तिच्या मागोमाग. माणूस सरळ होता. गोळा पिशवीत घालून घेतला आणि म्हणाला, "एवढी मोठी उंदराची दिसत नाही. पण खात्री होईपर्यंत गोदाम बंद ठेवा." त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. खात्री झाली. उंदीर नाही, कुठलं तरी जंगली जनावर, रोगबीग काही नाही. गोदाम उघडलं. पण गिऱ्हाईक दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागलं होतं.

कांतिभाई भित्रा माणूस नव्हता, पण त्यानं ठरवून टाकलं. मला बोलावून म्हणाला, "तू जाते जा. एने कहे, माल चोखो जोईए. नहितर नथी जोईतो." चोखा माल द्या, नाहीतर राम राम. फोनवर असलं सांगितलं तर सुभेदाराचा अपमान होईल, म्हणून माणूस पाठवायचा. बायको घरी म्हणाली, "इतलं दूर कसाले जाई राहिनात? लेंडी दखाले?" मी पिशवी भरायला घेतली.

मार्चचा महिना होता. गाड्या बदलत, शेवटी जीपमध्ये आदळत संध्याकाळी पोचलो. अंधारून आलेलं, मळा काही दिसला नाही. माचय्यानं जेवू घातलं. ताठ कण्याचा, पिकल्या मिशांचा माणूस, फौजी हिंदी बोलणारा. मी लाजत-लाजत शेठचा निरोप सांगितला. तो रागावेल असं वाटलं होतं. तो नुसता मान हलवत राहिला.

"भाई भी यही कहता है," तो म्हणाला. धाकट्या भावाचा निम्मा वाटा होता. भावाचं म्हणणं, जुनी झाडं काढून टाकू. लाकूडवाला येऊन गेलाय, बुंध्यांवर चुन्याच्या खुणा करून गेलाय. ऊन आलं की पीक वाढेल, मधे सिल्व्हर ओकच्या सरळ ओळी लावू, खळं सिमेंटचं करू. झाडं नाहीत तर जनावर नाही, जनावर नाही तर घाण नाही. "मी अडून बसलो होतो. म्हणायचो, आमची कॉफी सुरतेपर्यंत जाते ती ह्या झाडांमुळे. आता सुरतच म्हणते चोखा माल हवा. ठीक है साहब. फिर पेड़ जाएँगे."

मी झोपायला गेलो तेव्हा माझं काम फत्ते झालेलं होतं. बाहेर एक सर येऊन गेली.

सकाळी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो. त्याच्या आठ-दहा दिवस आधीही एक सर पडली होती म्हणे, आणि तिची वाट पाहत असलेल्या कळ्या आज फुलल्या होत्या. उतारभर, दृष्टी जाईल तिथवर, कॉफीच्या फांद्या पांढऱ्याशुभ्र झालेल्या. वास जाईसारखा, पण जाई एवढी कुणी कधी एका जागी पाहिली नसेल. आणि आवाज. मला वाटलं जवळपास लूमचा कारखाना आहे. त्या मधमाश्या होत्या. आयुष्यभर मी जो दाणा भाजत आलो, त्याला फूल असतं हे मला त्या दिवशी कळलं. सांगायला लाज वाटते, पण हेच खरं.

मग मान वर केली. कॉफीच्या डोक्यावर झाडं, त्यांच्या डोक्यावर आणखी झाडं. फणस, उंबर, शिसव आणि नाव न कळणारी कितीतरी. त्यांच्यातून ऊन असं गाळून येत होतं, की जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा तिखटपणा गेलेला असायचा. माचय्या मला बागेतून हिंडवू लागला. पायाखाली पानांचा थर, गादीवरून चालावं तसा. "हेच खत," तो म्हणाला. "ही मुळं आहेत म्हणून पावसात माती नदीत जात नाही. पाखरं आणि कोळी आहेत म्हणून मला औषध फार मारावं लागत नाही. शेजारच्यानं सगळं उघडं केलं, त्याच्या झाडांना आता खोडकिडा पोखरतोय." वरच्या अंगाला सरकारी जंगल होतं, नदीपलीकडे दुसरं. मधे हे मळे. इकडून तिकडे जाणारी जनावरं ह्या सावलीतूनच जायची. "मेरा बगीचा उनका रास्ता है," तो म्हणाला. खळ्याच्या कडेला ओल्या मातीत परातीएवढे ठसे होते आणि त्यात रात्रीचं पाणी साचून वर फुलं तरंगत होती. हत्ती. फणस खायला येऊन गेला होता. मी ज्या खोलीत घोरत होतो, तिच्या भिंतीपासून हातभरावर!

आणि लेंडी? ती उदमांजराची. हा प्राणी रात्री झाडावर चढून कॉफीचं फक्त पूर्ण पिकलेलं फळ खातो, कच्च्याला तोंड लावत नाही. दाणा त्याला पचत नाही. तो जसाच्या तसा खाली पडतो आणि मजूर तो फळांबरोबर वेचतात. म्हणजे आमच्या सुंदराबाईच्या आधी कुणीतरी निवडायला बसलेलं होतंच आणि तेही तिच्याइतकंच चोखंदळ. पुढे ह्याच दाण्यांना परदेशात भलता भाव येतो असं ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो.

खळ्याच्या टोकाला एक झाड होतं. तिथं त्याला नंदी म्हणतात. एका कोकण्यानं मला पुढे सांगितलं की आपल्याकडचा नाणा तो. बुंधा गुळगुळीत, फिकट, आणि त्याची साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होती. वाऱ्याची झुळूक आली की पापुद्रे भिरभिरत खळ्यावर. हंगामात तिथंच कॉफी वाळत पडलेली असते. मी एक उचलला. ह्याला तर मी उधन्यात बसून शिव्या घालत आलो होतो! बुंध्यावर छातीएवढ्या उंचीला चुन्याची खूण होती.

"ऊपर देखो. चुपचाप," माचय्या म्हणाला.

आधी आवाज आला. कुणीतरी भलंमोठं सूप घेऊन आभाळ पाखडत यावं तसा. मग ते पाखरू आलं. धनेश. केवढा! पिवळी चोच माझ्या हाताच्या पंजाहून मोठी, वर शिरस्त्राण घातल्यासारखं. तो नंदीच्या बुंध्याला उंचावर जाऊन बिलगला. तिथं एक ढोली होती, पण ती चिखलानं लिंपून बंद केलेली. मधे फक्त एक चीर. त्यानं मान झटकली, गळ्यातून उंबराचं एक फळ चोचीच्या टोकावर आणलं आणि चिरेत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं आणि फळ घेऊन गेलं. मग दुसरं फळ. मग तिसरं. तो देत होता, ती घेत होती.

माचय्या हळू आवाजात सांगत होता. मादी अंड्यांसाठी स्वतःला आत कोंडून घेते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत तिचं सगळं त्या चिरेवर आणि त्याच्या फेऱ्यांवर. उंबर त्या उतारावर आहेत म्हणून त्याला फेऱ्या जमतात. ही ढोली त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनची.

"लाकूडवाला कधी येणार?" मी विचारलं.

"होळीनंतर कधीही."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. देवळात मी वर्षातून एकदा जाणारा माणूस, पण तिथं चपला काढून उभा राहिलो. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, रात्रीचा निरोप मीच सांगितला होता. मी माचय्याला म्हटलं, थोडं थांबा, मी शेठशी बोलतो. तो हसला. "मैं रुक सकता हूँ. भाई का नहीं कह सकता."

आता कांतिभाईबद्दल. माणूस जैन, सूर्यास्तानंतर न जेवणारा. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी चबुतऱ्यावर पारव्यांना ज्वारी टाकणार. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सगळी सुरत गच्चीवर पतंग उडवत असते, तेव्हा ह्याच्या गच्चीवर पतंग नाही. तिथं हळद, कापूस आणि पाण्याच्या वाट्या. मांज्यानं कापलेली पाखरं पोरं त्याच्याकडे आणून द्यायची आणि हा मांडीवरच्या धोतरात घेऊन त्यांना पट्ट्या बांधत बसायचा. आम्ही मागून चेष्टा करायचो. पण धंद्यात पक्का. दया गच्चीवर, हिशेब गल्ल्यावर.

परतल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. फुलांबद्दल सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. हत्तीबद्दल सांगितलं, नुसती मान हलवली. मग ढोलीचं सांगितलं. त्याचा हात हिशेबावरून उचलला गेला.

"अत्यारे अंदर छे?" आत्ता, ह्या घडीला आत आहे?

"आत आहे शेठ. उडता येत नाही."

तो उठला, चपला घातल्या न घातल्या आणि समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरला. माचय्याच्या गावातल्या दुकानात फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत शेठ काचेच्या खोक्यात घाम पुसत उभा. मग त्याचं ते मोडकंतोडकं हिंदी साऱ्या गल्लीनं ऐकलं. "माचय्याजी, झाड मत काटो! माल जैसा है, वैसा भेजो! हमारे यहाँ साफ करनेवाली बहनें बैठी हैं!"

बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. माचय्या म्हणाला होता, "देखता हूँ, शेठजी. मेरे अकेले का नहीं है." त्यानंतर तिकडचा फोन लागला नाही. पावसाळ्यात तर त्या भागातल्या तारा पडलेल्याच असायच्या.

बायकांना सांगितलं तेव्हा सुंदराबाईनं कमरेवर हात ठेवले. "कचरा आमी निवडू जी. पर ज्या पोत्यात लेंडी हाय ते आधी सांगत जा, म्हंजे माणूस दचकून नाई मरणार." शेठनं जाळीची टेबलं करून घेतली, तपासनिसाला बोलावून दाखवली. मी बायकांना त्या ढोलीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मला इतक्यांदा सांगायला लावली, की शेवटी त्याच मला चुका दाखवू लागल्या. आत कोंडून घेतलेल्या बाईचं त्यांना जे समजलं, ते मला समजलं नसावं.

पुढच्या हंगामाची पोती आली तेव्हा चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. ट्रकवाल्याला काही माहीत नव्हतं. पहिलं पोतं उसवलं. स्वच्छ. हात घातला, हाताला नुसते दाणे. कुणीतरी "अरे वा" म्हणालं. दुसरं उसवलं. पान नाही, काटकी नाही. तिसऱ्यात तर धूळही नव्हती. असा चोखा माल माचय्याकडून कधी आला नव्हता. सुंदराबाई चाळत होती, चाळत होती, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, पापुद्रा नाई."

शेठ गल्ला सोडून आत येऊन उभा होता. ज्या स्वच्छ मालासाठी मला तेवढ्या लांब पाठवलं होतं, तो समोर पडला होता आणि आता नको झाला होता. सिमेंटचं खळं, ओळीत लावलेले सिल्व्हर ओक, सगळं मला त्या दाण्यांत दिसत होतं. ती आत असतानाच कुऱ्हाड पडली असेल का, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

"हिरवी सुतळी आहे का बघा," मी म्हटलं.

सगळ्यांच्या तळाशी होती. ज्या पोत्याला बघून डोकी दुखायची, त्याच्याभोवती सगळ्या बायका गोळा झाल्या. सुंदराबाईनं सुतळी कापली नाही, गाठ सोडली. हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ बाहेर काढून टेबलावर उघडली.

फिकट, पातळ, कागदासारखे. दाण्यांना चिकटलेले, सुटे, चुरा झालेले. मूठभर पापुद्रे. आणि त्यांच्यामध्ये चिक्कीसारखा एक गोळा.

ज्या गोदामातून असल्याच गोळ्यापायी बायका ओरडत पळाल्या होत्या, तिथं आता टाळ्या पडल्या. कुणीतरी रडत होतं, बहुतेक मीच. कांतिभाई, ज्याला रस्त्यात शेणावर पाय पडला तर आंघोळ लागायची, तो टेबलाशी आला, वाकला आणि त्यानं हात जोडले.

बाकीचा माल चोखा का होता, ते नंतर माचय्याकडून कळलं. पाहुणा एवढ्या लांबून कचऱ्याची तक्रार घेऊन आला ही गोष्ट सुभेदाराच्या मनाला लागली होती. म्हणून त्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी बसून एकेक पोतं हातानं निवडलं होतं. खळं झाडलेलं तेवढं, पद्धतीप्रमाणे, तसंच ठेवलं. मळ्याची वाटणी झाली आणि भावानं आपल्या वाट्याला आलेला अर्धा उतार तोडला. तो आजही उघडा आहे. नंदी माचय्याच्या वाट्याला आला.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र सुंदराबाईनं पदरानं डोळे पुसले, पोतं टेबलावर रिकामं केलं आणि बायकांवर ओरडली, "काहून उभ्या हा वो? कचरा आला. बसा निवडाले!"